आपणहून पुढे आलेली मुलं

जून उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकाच सुमारास होतात. मासेमारीला बंदी लागते आणि शाळा सुरू होतात. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पडव्यांमधून फाटकी जाळी तुणायचं काम चाललेलं असतं, आणि अशातच एखाद्या हायस्कुलात आठवीच्या वर्गावर शिपाई नोटीस घेऊन येतो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत ज्यांना जायचंय त्यांनी मधल्या सुट्टीत सरांना भेटायचं असतं. वर्गातले दहाबारा हात लगेच वर होतात. दोनचार हात शेजाऱ्याचा हात बघून वर होतात. आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी हात वर न करता मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभी राहते.

निवड फार अवघड नसते, पण असते. उंची, वजन, थोडं धावणं, दोनचार साधे प्रश्न. डॉक्टरांचा दाखला, रक्तगट, आधार, बँकेचं पासबुक आणि पालकांची सही. जागा मोजक्या असल्यामुळे सगळ्यांना घेता येत नाही, आणि ज्यांना घेतलं जात नाही त्यांची तोंडं पुढचा आठवडाभर बघवत नाहीत. निवड झालेल्यांना दोन वर्षं यात काढायची असतात. परेड चुकवून चालत नाही, कारण हजेरी भरली नाही तर ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा फायदा काय? तो विचारण्यात काही चूक नाही. ज्या घरात दहावीनंतर काय हा विचार सातवीपासून सुरू होतो, तिथे मुलाच्या सकाळी कुठे जातात हे विचारलंच पाहिजे. उत्तरही आहे. शाळेत ‘ए’, पुढे कॉलेजात ‘बी’ आणि ‘सी’ अशी सर्टिफिकेटं मिळतात. ‘सी’ सर्टिफिकेटाला सैन्यदलांच्या भरतीत किंमत आहे, अधिकारी होण्यासाठी त्या वाटेने वेगळा प्रवेशही आहे. आईचा प्रश्न बहुतेक दुसरा असतो आणि तो हळू आवाजात विचारला जातो. युद्ध झालं तर पोरांना नेतील का? नाही. छात्र सेनेच्या कायद्यातच आहे की इथे नाव घातलं म्हणून कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती येत नाही. हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं आणि दरवर्षी सांगायला हवं.

मला मात्र या दोन्ही उत्तरांपेक्षा मधल्या सुट्टीत दाराशी उभी राहिलेली ती मुलगी महत्त्वाची वाटते. तिला कुणी पाठवलेलं नसतं. या सबंध योजनेचा जीव त्यातच आहे, आणि तो जपायचा की घालवायचा हे मोठ्या माणसांच्या हातात आहे. एकदा तो गेलाही होता.

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. देशभरच्या शाळा-कॉलेजांत छात्र सेना असावी असा तिचा अहवाल आला, १९४८ चा कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी, उभी राहिली. सुरुवातीला साधारण २०,००० कॅडेट होते. मुलींचा विभाग १९४९ मध्ये आला, हवाई शाखा १९५० मध्ये आणि नौदल शाखा १९५२ मध्ये. छात्र सेनेच्या झेंड्यावरचे तीन पट्टे या तीन दलांचेच: लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. सगळं ऐच्छिक होतं. मग १९६२ चं चीनशी युद्ध झालं, देशाला धक्का बसला, आणि १९६३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली.

त्या काळात कॉलेजात असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोललं की सक्तीने काय केलं ते कळतं. मैदानावर संख्या वाढली, पण शिकवायला माणसं नव्हती आणि द्यायला सामान नव्हतं. हजेरी लावून मागच्या फाटकाने निघून जाणं हे कॉलेजचं एक कसबच होऊन बसलं. अखेर १९६८ मध्ये सक्ती उठली. पुढच्याच वर्षी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, सुरू झाली. ज्याला कवायत नको त्याला गावात जाऊन काम करायची वाट मिळाली. आपल्याकडे कॉलेजात ‘एनसीसी की एनएसएस’ हा प्रश्न विचारला जातो तो तेव्हापासून.

ही वाटणी कॉलेजात झाली. शाळेतल्या नौदल शाखेत मात्र दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला येतात. सकाळी दोर, वल्हं, बावटे. आणि त्याच महिन्यात एखाद्या रविवारी गावाचा किनारा झाडणं, रक्तदान शिबिरात रांग लावणं, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाळूतून मूर्तींचे तुकडे आणि निर्माल्य वेचणं. हे जोडकाम मला शाळकरी वयासाठी फार योग्य वाटतं. तेरा वर्षांच्या मुलाला सेवेवर भाषण दिलं तर ते कंटाळतं. त्याच मुलाला आधी गाठ मारायला शिकवा, पाचजणांनी एका तालात वल्हं मारायला शिकवा आणि मग सांगा की हे हात गावाला लागणार आहेत. ते पुढे होतं.

हे गाठींचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. नौदल शाखेच्या अभ्यासक्रमात कवायत, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, पॉइंट टू टू रायफल हे तर आहेच; पण तिचं स्वतःचं असं जे शिक्षण आहे ते दोरापासून सुरू होतं. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन. शाळेच्या व्हरांड्यात प्रत्येकाच्या हातात हातभर दोर असतो आणि मुलं माना खाली घालून बसलेली असतात. बोलाइन ही त्यातली राणी. तिचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून दोर घालून त्याला वर घ्यायचं तर हीच गाठ. शिक्षक ती फळ्यावर काढून दाखवतात, मग हातात. अर्ध्या मुलांची गाठ ओढल्यावर सुटते, पाव मुलांची आवळते. आणि रत्नागिरीतल्या राजिवड्याकडचा किंवा मिरकरवाड्याकडचा, मासेमाराच्या घरचा एखादा मुलगा ती एका हाताने, खिडकीबाहेर बघत बघत मारून मोकळा होतो. त्याने ती वडिलांच्या होडीवर पाहिलेली असते. वर्गात गणिताच्या तासाला ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याच्याभोवती त्या क्षणी पाचसहाजण गोळा होतात. त्या मुलाची मान त्या दिवशी जरा वेगळीच असते.

सेमाफोर म्हणजे दोन हातांत दोन बावटे घेऊन अक्षरं दाखवणं. लाल-पिवळे बावटे सगळ्यांना पुरत नाहीत, तेव्हा मुली हातरुमालांनी सराव करतात. एक गच्चीवर, एक मैदानाच्या टोकाला. मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं कुणालाही वाटेल. पण लांबून, वाऱ्यात, न बोलता समोरच्याला नेमकं कळवायचं आणि त्याने ते नेमकं वाचायचं, ही एकाग्रता आजच्या मुलांना दुसरीकडे कुठे मिळते ते मला माहीत नाही. त्याशिवाय जहाजांच्या प्रतिकृती करणं आहे. त्यात रमणारी मुलं घरी जायचंच विसरतात.

आणि गणवेश. पांढरा शुभ्र. किनाऱ्यावरच्या गावात, लाल मातीच्या रस्त्यावरून, पावसाळ्यात, पांढरा गणवेश शाळेपर्यंत पांढरा पोचवणं ही एक मोहीमच असते. तो आदल्या रात्री धुवायचा, नीळ घालायची, चुलीच्या वर दांडीवर वाळत टाकला तर धुराचा वास लागतो म्हणून पंख्याखाली टाकायचा. सुरुवातीला हे आई करते. दिवाळीपर्यंत मुलगा स्वतः करायला लागलेला असतो, असं शिक्षक सांगतात, आणि ज्या दोनतीन घरांत मी डोकावलो तिथे ते खरंही दिसलं. दंडावर ‘लीडिंग कॅडेट’ची खूण आलेला एक मुलगा धाकट्या बहिणीला इस्त्रीची घडी कुठे पडली पाहिजे ते दाखवत होता. आजी कौतुकाने बघत होती.

पाण्यावर जायचा दिवस सगळ्यांत मोठा. नौदल शाखेची नेहमीची होडी म्हणजे व्हेलर. सत्तावीस फुटांची, पाच वल्ह्यांची. सुकाणूवर बसलेला कॉक्सवेन हुकूम देतो. ‘गिव्ह वे टुगेदर’ म्हटलं की पाचही वल्ही एकदम पाण्यात गेली पाहिजेत. पहिल्या दिवशी ती जात नाहीत. वल्ही एकमेकांवर आपटतात, होडी गोल फिरते, एकाच्या पाण्याने दुसरा भिजतो. मग केव्हातरी, तिसऱ्या-चौथ्या फेरीला, ताल बसतो आणि होडी सरळ सुटते. तो फरक काठावर उभ्या असलेल्या माणसालाही कळतो. मोठी मुलं, म्हणजे कॉलेजचे कॅडेट, शिडाच्या होड्यांतून लांबच्या मोहिमांवरही जातात. रत्नागिरीच्या २ महाराष्ट्र नेव्हल युनिटच्या मोहिमा दक्षिणेला विजयदुर्गापर्यंत गेलेल्या आहेत. वाटेत गावोगावी थांबायचं, किनारा साफ करायचा, पथनाट्य करायचं, पुन्हा शीड उभारायचं. आरमाराच्या इतिहासाचं प्रेम आपल्याकडे पुष्कळ आहे. पण ज्या खाडीतून मराठ्यांची गलबतं बाहेर पडत, त्याच खाडीचं पाणी अंगावर घेत विजयदुर्गाचा बुरूज समोरून जवळ येताना बघणं, हा इतिहासाचा तास वेगळा.

मुंबईत या परंपरेचा एक आणखी जुना धागा आहे. गोकुळदास आहुजा यांनी १९३८ मध्ये कराचीत मुलांसाठी सी कॅडेट कोअर सुरू केली. फाळणीनंतर ती मुंबईत रुजली आणि कुलाब्याच्या ‘ट्रेनिंग शिप जवाहर’मधून आजही चालते. तीही स्वयंसेवी. छात्र सेनेची नौदल शाखा तर समुद्रापासून लांब पुण्यातही आहे. तिथली मुलं धरणाच्या पाण्यावर वल्हं मारतात आणि कुणाला कमी लेखू नये इतकी चांगली मारतात.

आता किनारा. १ डिसेंबर २०२१ रोजी छात्र सेनेने ‘पुनीत सागर अभियान’ सुरू केलं. आधी ते महिनाभर, फक्त समुद्रकिनाऱ्यांसाठी होतं. मग नद्या आणि तलावही त्यात आले आणि ते कायमचंच झालं. प्लास्टिक वेचायचं, तोलायचं आणि पुनर्वापरासाठी द्यायचं, अशी त्याची रीत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी त्याचा करारही झाला. कागदावर हे सगळं नीटनेटकं आहे. प्रत्यक्षात ते कसं असतं ते रत्नागिरीजवळच्या एका पुळणीवर मी पाहिलं.

मुलं पीटीच्या कपड्यांत, हातमोजे घालून, रांगेने निघाली होती. पावसाळा संपल्यावर कोकणातल्या पुळणीवर जे असतं तेच तिथे होतं. चपला, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, गुटख्याच्या पुड्या, थर्मोकोलचे तुकडे, दारूच्या बाटल्या. हे सगळं पर्यटक टाकतात असं आपण सोयीने मानतो. पावसात नद्या आणि ओढे गावागावांचा कचरा खाडीत आणतात, ओहोटी तो समुद्रात नेते आणि नैर्ऋत्येचा वारा तो पुन्हा पुळणीवर आणून टाकतो. वाडीतल्या वाडीत टाकलेली पिशवी गणपतीनंतर चार गावं सोडून सापडते. मुलांना हे पुस्तकातून सांगितलेलं होतं. पण आपल्याच बाजारपेठेतल्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी वाळूतून उपसल्यावर एक मुलगी जी गप्प झाली, ते पुस्तकाने झालं नसतं.

पुढे एक जाळं होतं. नायलॉनचं, अर्धंअधिक वाळूत पुरलेलं. चारपाच मुलांनी धरून ओढलं, तसूभर हललं नाही. वाळू आणि पाणी भरलेलं जाळं किती जड होतं ते ज्याने ओढलंय त्यालाच माहीत. तेव्हा एका मासेमाराच्या मुलीने सगळ्यांना थांबवलं. आधी समुद्राकडची बाजू मोकळी करा, पाणी निघून जाऊ द्या, मग ओढा, असं तिचं म्हणणं. फावडं एकच होतं. बाकीच्यांनी हातांनी उकरलं. जाळ्याच्या कडेच्या दोराला त्यांनी आपला दोर बांधला, क्लोव्ह हिच मारून, वर दोन वेढे जास्त देऊन. आणि मग जो मुलगा होडीत सुकाणूवर बसतो त्याने, कुणी न सांगता, होडीतलाच हुकूम दिला. ‘गिव्ह वे टुगेदर!’ एक हिसका, थांबा. दुसरा हिसका, थांबा. पाचव्या-सहाव्या हिसक्याला जाळं वाळूतून सुटलं आणि सगळी रांग मागे कोसळली. त्यात एक मेलेला खेकडा, दोन बोये आणि न मोजता येण्याइतका चिंध्यांचा गुंता होता. व्हरांड्यातल्या गाठी आणि खाडीतलं वल्हं असं पुळणीवर कामाला आलं.

याच किनाऱ्यावर उत्तरेला वेळास आहे, आंजर्ले आहे, गुहागर आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला ती घरटी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू तळहातात मावतं. त्याला पाण्यापर्यंतची जी वाट चालायची असते तीत असं जाळं आलं तर ते तिथेच संपतं. ज्या शाळांच्या वाट्याला असा किनारा आहे त्यांनी साफसफाईचा दिवस पाहुण्यांच्या सोयीने न ठरवता कासवांच्या हंगामाआधी ठरवावा, असं मला कळकळीने वाटतं.

या कामात एक कीड आहे, ती बोलली पाहिजे. बॅनर आधी येतो, पाहुणे येतात, हातमोजे घातलेला फोटो होतो, आणि गोणी भरायच्या आधी नाश्त्याची वेळ होते. मुलं हे सगळं बघतात. मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं, आणि एकदा ओळखलं की ती मनातून उठतात. अंगाने रांगेत असतात एवढंच. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. वेचलेला कचरा गावाच्या हद्दीबाहेर नेऊन पेटवून दिला जातो, कारण अनेक ग्रामपंचायतींकडे तो घ्यायची सोयच नसते. मुलांनी घाम गाळून गोळा केलेलं प्लास्टिक संध्याकाळी काळ्या धुराने त्यांच्याच घरात येतं. गोणी कुठे जाणार हे आदल्या दिवशी पक्कं झालेलं नसेल, तर त्या दिवशी मुलांना किनाऱ्यावर नेऊ नये, इतकं स्पष्ट माझं मत आहे.

सरकारचं लक्ष या किनाऱ्याकडे वळलं आहे हे चांगलं झालं. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या १७३ जिल्ह्यांत छात्र सेना वाढवायची घोषणा केली. एक लाख नवे कॅडेट आणि त्यांत एकतृतीयांश मुली. किनारी भागात शिकवायची जबाबदारी नौदलाची. २०२४ मध्ये आणखी तीन लाखांची वाढ मंजूर झाली, म्हणजे मंजूर संख्या वीस लाखांवर जाते. मुलींचा वाटा तर ठळक दिसायला लागला आहे. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या होडीवरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. वर्तिका जोशी त्या तुकडीच्या प्रमुख होत्या. त्या होडीचा फोटो मी एका कॅडेट मुलीच्या वहीच्या कव्हरवर चिकटवलेला पाहिला. तिला पोहता येत नव्हतं. किनाऱ्यावरच्या कित्येक मुलींना येत नाही, कारण त्यांना कुणी पाण्यात जाऊच दिलेलं नसतं. ती शिकायला लागली होती.

पण जागा वाढतात त्या कुठे? तालुक्याच्या मोठ्या हायस्कुलात, जिथे मैदान आहे, शिक्षक आहे, बस थांबते. वाडीवरच्या मुलाची अडचण निराळी आहे. नावनोंदणी होते ती मासेमारीबंदीच्या दिवसांत. तेव्हा घर मोकळं असतं, वडील खुशीने सही करतात. ऑगस्टात हंगाम सुरू झाला की पहाटेची होडी जेटीला लागते नेमकी परेडच्या वेळेला, आणि मासळी उतरवायला, निवडायला, बर्फ टाकायला घरातला प्रत्येक हात लागतो. दोन परेडी बुडतात, मग चार, मग नाव कमी होतं. ज्याला समुद्र सगळ्यांत जास्त कळतो तोच नौदल शाखेतून गळतो. हे थांबवणं अशक्य नाही. एका शिक्षकाने अशा मुलांसाठी परेडची वेळ जेटीच्या वेळेकडे बघून ठरवली होती, मुख्याध्यापकांशी वाद घालून. त्यांची मुलं टिकली होती.

या शिक्षकांबद्दल थोडं. त्यांना एएनओ म्हणतात, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर. शाळेतलाच गणिताचा, भूगोलाचा किंवा पीटीचा शिक्षक; त्याने कित्येक आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायचं, पुरुषांसाठी नागपूरजवळच्या कामठीच्या अकादमीत, महिलांसाठी ग्वाल्हेरला. परतल्यावर वर्गाचे तास तेवढेच राहतात आणि वर परेड, कॅम्प, नोंदी, सामानाचा हिशेब येतो. मानधन अगदी जुजबी. रविवार जातो. दहा दिवसांच्या कॅम्पला पन्नास मुलं घेऊन जायचं तर रात्री कुणाला ताप आला, कुणाला घरची आठवण आली, सगळं त्यांच्याच डोक्यावर. चांगला एएनओ बदलून गेला की दोन वर्षांत शाखेची रया जाते, हे मी अनेकांकडून ऐकलं. शाळांनी त्यांच्या तासांचा भार हलका करायला हवा; तो हलका करणाऱ्या शाळा फारच थोड्या आहेत.

ज्यांचं मूल यंदा आठवीत जाणार आहे त्यांनी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. पाण्यावर नेताना प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असतं का आणि बरोबर पोहणारा मोठा माणूस कोण असतो. साफसफाईच्या गोणी शेवटी कुणाकडे जातात. आणि परेड कोणत्या वारी, किती वाजता. सही करायची वेळ त्यानंतरची. एक चौथा प्रश्न घरी, मुलालाच विचारायचा: तुला जायचंय का? ‘नको’ म्हणालं तर अर्ज शाळेला परत करावा. त्या जागेसाठी कुणीतरी स्टाफरूमच्या दाराशी उभं असतंच.